नवरंगाचं घरटं

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी माझ्या थोरल्या भाऊच्या गालात गाठ झाली आणि नागपूरला ऑपरेशन करून डॉक्टरांनी त्याचा अर्धा जबडा काढला. आसगावला परतल्यावर तो तलावावर मासे धरायला गेलाच नाही. तिथे चार लोक बोलणार, आणि त्याचं बोलणं आता कोणाला समजत नव्हतं. तोंडाला दुपट्टा बांधून तो सकाळीच जंगलाकडे निघून जाई.

मी मोहाडीला राहतो. पावसाळ्यात एका रविवारी भेटायला गेलो, तेव्हा त्याने मला खुणेनेच सोबत घेतलं. नाल्याच्या काठाने आम्ही बरंच आत गेलो. एका गच्च जाळीसमोर त्याने मला खाली बसवलं. आतून दोन सुरांची शीळ आली, मग कितीतरी वेळ काहीच नाही. मच्छर तोडून खात होते.

"भाऊ, चाल आता. पानी येऊन राहिलं," मी हळूच म्हणालो.

त्याने माझं मनगट घट्ट धरलं. तेवढ्यात ओल्या पाल्यातून एक पाखरू टुणटुण उड्या मारत बाहेर आलं. पाठ हिरवी, डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीखाली लालभडक. नवरंग. त्याने पानं उलटून गांडूळ ओढलं आणि ते घेऊन जमिनीलगतच्या काड्यांच्या गोळ्यात शिरलं. आत पिल्लं चिवचिवली. भाऊच्या दुपट्ट्यातून लाळ गळत होती, ती पुसायचंही त्याला भान नव्हतं.

पुढच्या खेपेला गेलो तर तो गोळा फाटलेला होता. मुंगूस असेल, नाहीतर साप. भाऊ विस्कटलेल्या काड्या हाताने सारख्या करत बसला. त्या राहत नव्हत्या. शेवटी मीच त्याला उठवून घरी आणलं.

त्यानंतर तो जंगलात गेला नाही. गाठ मानेत उतरली होती. धान कापणीला यायच्या आधीच तो गेला.

तेरवी झाल्यावर वहिनीने मला विचारलं, ते जंगलात दिवसभर काय करत. मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"पाखरापाशी बसत," ती म्हणाली. "माह्यापाशी काहून नाई बसले?"