खिडकीतला कप

सतरा जानेवारी. माळ्यावर टाकायचे खोके बंद करत होते. तपकिरी चिकटपट्टीचा वास आला आणि मला १९९१च्या आखाती युद्धातलं रियाध आठवलं.

विषारी वायूच्या भीतीने आम्ही नर्सेस आमच्या क्वार्टरच्या खिडक्या अशाच पट्टीने बंद करत होतो. आमच्यातली डोरोथी अमेरिकेतली, काळी. तिने कोळशाने काढलेलं चित्र भिंतीवर लावलं होतं: शेजारी शेजारी दोन नळ, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. दुसऱ्यापाशी ओंजळ धरून उभी असलेली लहानपणची ती.

“आमच्या गावात असंच होतं. असं नव्हतंच, असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून काढते,” ती म्हणाली.

“माणसं अशी कशी वागतात गं!” मी म्हणाले.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कप वेगळा, पालथा ठेवलेला होता. तिने तिकडे बोट केलं. “आणि तो कुणाचा, सिस्टर?”

“सफाईवाल्या झहराचा. आमच्याकडे तशी पद्धतच आहे.”

डोरोथी हसली. “आमच्याकडेही पद्धतच होती.”

माझ्या हातातली पट्टी बोटांनाच चिकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झहराला माझ्या कपातून चहा दिला. ती गेल्यावर दार लोटून तोच कप दोनदा घासला.