समोरचा गडी बोलत नाही

आमच्या गल्लीत लाइट गेली की तोरिब्योकाकाला ऐकू यायला लागायचं. हे मी चेष्टेने सांगत नाही. पंखे थांबायचे, चेलोच्या दुकानातला फ्रिज घरघरायचा थांबायचा, दारातला माणसाएवढा स्पीकर बचाताची नाचगाणी वाजवता वाजवता मध्येच गप्प व्हायचा. आणि काका खुर्चीत ताठ बसून, कुणी हळूच काढलेल्या खोडीलाही चोख उत्तर द्यायचा. मग केव्हातरी अख्खी गल्ली "आली, आली!" म्हणून ओरडायची, सगळं एकदम सुरू व्हायचं, आणि काकाच्या चेहऱ्यावरची रेघन् रेघ पुसली जायची. त्या कोऱ्या चेहऱ्याने तो सगळ्यालाच मान डोलवायचा. "काका, तुझ्या घराला आग लागली," म्हटलं तरी मान डोलवून म्हणायचा, "चालायचंच."

काका म्हणजे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. पण ही गोष्ट त्याची कमी आणि नोएमीची जास्त. ती सांगायची तर आधी रविवारचा डाव सांगावा लागतो.

रविवारी जेवणं झाली की चेलोच्या दुकानासमोर डॉमिनोचं टेबल लागतं. काकाच्या समोर त्याचा जोडीदार कादियो. काकाच्या डाव्या हाताला तिलो, उजव्या हाताला मी. आम्ही दोघं त्यांच्या विरुद्ध पक्षाचे. सोंगटी अशी आपटायची की बाटल्या उडाल्या पाहिजेत, आणि आपटता आपटताच शेजाऱ्याला टोमणा हाणायचा. सोंगटीवर ठिपक्यांचे दोन आकडे असतात, आणि मांडलेल्या रांगेच्या टोकाशी जुळेल तीच लावता येते; ज्याच्याकडे तशी नाही त्याने तोंडाने 'पास' म्हणायचं. कोण कशावर पास झाला हे ज्याच्या डोक्यात राहिलं, त्याला दुसऱ्याच्या हातातल्या सोंगट्या न बघता दिसतात. काकाच्या डोक्यात सगळं राहायचं, पण त्यासाठी आधी ते कानात शिरायला हवं. तिलोने तर हे हेरून ठेवलेलं. तो 'पास' असा पुटपुटायचा की त्याच्या मिशीलाही कळू नये. कुणी बोललं तर म्हणायचा, "म्हणायचं असा नियम आहे, गाऊन दाखवायचं असा नाही."

काका चुकीच्या सोंगट्या लावायला लागला. कादियो सोसत राहिला, कारण त्याच्या लग्नाच्याही आधीपासूनची ही जोडी. शेवटी एका संध्याकाळी त्याने लाइट जायची वाट बघितली, कारण असली गोष्ट माणसाला ओरडून सांगवत नाही, आणि अंधारात म्हणाला, "तोरिब्यो, जत्रेच्या स्पर्धेला मी जावयाला घेतोय जोडीला."

काकाने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "जत्रेला अजून महिना आहे. मी कानाचं मशीन बसवतो."

"बसव. नाही जमलं तर जावई."

तर, नोएमी. चर्चचे पाळक अब्नेर यांची थोरली मुलगी. राजधानीत जाऊन कानाचं शिकून आली आणि इथे आसुआत औषधाच्या दुकानाच्या वर खोली घेऊन बसली. पाळकांच्या लाउडस्पीकरने निम्मं गाव बहिरं केलं, उरलेलं चेलोने, आणि पोरगी दोघांचं निस्तरतेय असं आम्ही म्हणायचो. तोंडावर म्हटलं तरी ती चिडायची नाही. "बापाचा धंदा पोरीनेच पुढे न्यायचा असतो," म्हणायची. बोलणं फटकळ, चालणं भराभर. मशीन विकून मोकळी होणारी ती नव्हे. ते कानात आहे का कपाटात हे बघायला न सांगता लोकांच्या घरी जायची. तिची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी दिसली की म्हातारी माणसं घाईघाईने कान चाचपायची.

काकाला तिने मन लावून मशीन बसवलं. खोलीत बाजाराचा गलका लावला, समोर बसून हळू आवाजात बोलली, आणि काकाने शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. "गोंगाट वाढला की हे आपोआप समोरच्या माणसाकडे कान लावतं आणि आजूबाजूचं दाबतं," तिने समजावलं. "ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे तोंड करायचं. बाकी काही नाही." काका घरी आला तो मिरवतच.

रविवारी डावात तो पहिल्यापेक्षाही वाईट हरला. मशीन काढून त्याने शर्टाच्या खिशात टाकलं. मंगळवारी स्कूटर आली. मी तिथेच होतो, केळी सोलत.

"काका, मशीन कुठाय?"

"खिशात. तिथे मजेत आहे."

"काय होतंय ते सांगा तरी."

"काय होतंय? अगं पोरी, तुझ्या मशीनमधून मला कादियोचा श्वास ऐकू येतो. त्याच्या पोटातली गुडगुड ऐकू येते. बाकी एक अक्षर नाही."

"मग बरोबर चाललंय की! तो समोर बसतो ना? तो जे बोलतो ते..."

"तो बोलत नाही!"

"का? भांडण झालंय?"

मला हसू आवरेना. "ताई, जोडीदाराने डावात बोलायचंच नसतं. नुसता खाकरला तरी 'इशारा दिला' म्हणून आम्ही बोंब मारतो."

नोएमीच्या घरी पत्ते, डॉमिनो, नाच सगळंच पाप. तिने जन्मात एकही डाव जवळून बघितला नव्हता. ती कधी माझ्याकडे, कधी काकाकडे बघत राहिली. "दोघं एका बाजूचे, तासन् तास समोरासमोर, आणि बोलायचं नाही? हा खेळ आहे की संसार?"

मग पायरीवर बसली आणि जणू स्वतःलाच म्हणाली, "म्हणजे अख्ख्या टेबलावर ज्या एकाला बोलायची बंदी, नेमकं त्याच्याकडे मी मशीनचं तोंड करून दिलं."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, काका, जरा कमी गोंगाटात बसत जा. हिने विचारलं, "रविवारी किती वाजता बसता? चर्च सुटलं की येते."

ती आली. पांढरा झगा घोट्यापर्यंत, केस घट्ट बांधलेले, काखेत लॅपटॉप. बियरचा रिकामा क्रेट उलटा करून काकाच्या खांद्यामागे बसली. तिला बघून टेबलावर असा गलका झाला की विचारू नका. चेलो बिचारा धावत बाहेर आला.

"ताई, गाणं बंद करू?"

"खबरदार! रोज असतं तसंच ठेवा. मला तुमचा गोंगाटच हवाय."

असं चेलोला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं. त्याने खूश होऊन आवाज थोडा वाढवलाच.

चर्चमधल्या दोन बाया समोरून जाताना थबकल्या. पाळकांची पोर, बियरचा क्रेट, डॉमिनोचं टेबल! नोएमीने त्यांना हात केला. "बाबांना सांगा, जेवायला उशीर होईल." आणि मान परत लॅपटॉपमध्ये.

पहिल्या खेपेला तिने मशीनला चारही बाजू मोकळ्या करून दिल्या. फ्रिज, तळणीत तडतडणारे सलामीचे मांसाचे काप, मोटरसायकली, सगळे एकदम कानात घुसले आणि काकाने डोकं धरलं. "हे नको," म्हणून तिने ते बदललं: पुढचं बेताचं, दोन्ही बाजूंचं जास्त, मागचं बंद. मग उठून म्हणाली, "आता टेबल फिरवा. स्पीकर यांच्या पाठीमागे यायला हवा."

"टेबल फिरवलं की नशीब फिरतं," तिलो म्हणाला.

"नशिबाचं माझ्या बाबांना विचारा. उठा."

आम्ही उठलो. टेबल फिरलं. तिलोचं बोलणं आता काकाला समजायला लागलं, पण माझा एकही टोमणा पोचेना. नोएमी सोंगट्यांकडे बघतच नव्हती, ती आमच्या तोंडांकडे बघत होती. अचानक तिने माझं मनगट धरलं.

"तू नेहमी आपटतानाच बोलतोस?"

"मग काय, टपालाने पाठवू?"

"अरे, मोठा धाडकन आवाज आला की कान वाचवायला मशीन सगळंच खाली दाबतं, मग सावकाश वर आणतं. तोवर तुझं बोलून संपतं."

"म्हणजे माझे टोमणे हे मशीन खातंय?"

"मशीनला चव आहे म्हणायची," तिलो म्हणाला.

तिने ते दाबणं सैल केलं. काकाच्या कानाशी वाकून म्हणाली, "आता आपटलेलं जरा लागेल कानाला. आणि सगळं काही यायचं नाही, काही शब्द निसटणारच. चालेल?"

"लागू दे," काका म्हणाला.

एव्हाना कादियोचा जावईही येऊन उभा राहिला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं, काकालाही. कादियोने सोंगट्या ढवळल्या. त्याने काकाकडे बघायचं टाळलं.

डाव निम्म्यावर आला तेव्हा मी दुहेरी सहाची सोंगटी आपटली आणि जे तोंडात आलं ते हाणलं, "काका, खुर्ची गरम ठेव, जावई वाट बघतोय!"

सोंगट्यांवरची नजर न काढता काका म्हणाला, "त्याला सांग, सासरा जिवंत असेतोवर खुर्ची मिळत नसते."

टेबल असं हसलं की चेलो गाणं सोडून बाहेर आला. फक्त कादियोला हसता येईना, जोडीदार ना! त्याने ओठ गच्च मिटले, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. मी नोएमीकडे बघितलं. ती हसत नव्हती. ती काकाची पाठ बघत होती, लाइट गेल्यावर व्हायची तशी ताठ झालेली, आणि लाइट तर होती.

तिलोची पाळी आली. तो आपल्या पद्धतीने मिशीत काहीतरी पुटपुटला.

"पास?" काका वळला. "चारवरही पास आणि दोनवरही? मघाशीही पासच होतास. सगळ्या जड सोंगट्या धरून बसलायस की काय रे? कंबर जाईल." आणि दोन-चारची सोंगटी त्याने अशी आपटली की माझी बाटली आडवी झाली. दोन्ही टोकांना चार, आणि चारची एकही सोंगटी कुणाच्या हातात उरलेली नाही. डाव बंद; आता ज्यांच्या हातात ठिपके जास्त, ते हरले. हातातलं उघडं केलं तर तिलोकडे नुसती जास्त ठिपक्यांच्या, जड सोंगट्यांची रास.

डाव संपला तेव्हा कादियोला तोंड उघडायची मुभा मिळाली. सगळे तिकडेच बघत होते. त्याने डोळे पुसले, बियरचा एक घोट घेतला आणि जावयाकडे वळला.

"जावईबापू, जत्रेला तुम्ही आमच्या खुर्च्या घेऊन या. दोन."

काकाने मान डोलवली, पण ती जुनी डोलवणी नव्हे. मग मागे वळून नोएमीला म्हणाला, "पोरी, एक विचारू? इतकी वर्षं हे लोक हेच असलं बोलत होते?"

"मला काय माहीत? मी आजच ऐकतेय."

"मग माझं काही बुडालं नाही."

मी लॅपटॉप उचलायला हात पुढे केला. तिने तो मांडीवर परत उघडला. रस्त्याच्या टोकाला चर्चमधून कुणीतरी तिला बोलावणं घेऊन येत होतं, ते तिने बघितलं आणि क्रेट टेबलाच्या आणखी जवळ ओढला.

"अजून एक डाव होऊ द्या," ती म्हणाली. "डावी बाजू मला अजून पटलेली नाही. आणि तिलोभाऊ, तुम्ही ती पाच-सहाची सोंगटी आधी का नाही लावलीत?"