बाबाराव मेश्रामांचा फ्लॅट विकणे आहे

आमच्या सोसायटीतले बाबाराव मेश्राम फ्लॅट विकायला निघाले, तेव्हा तेलीबांधा तलावाच्या अख्ख्या परिसरात घरं हातोहात खपत होती. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही राहायला आलो तेव्हा या तलावाकडे यायला रिक्षावाले कुरकुर करायचे, आणि आता नव्या रायपूरचा रस्ता इथूनच जाणार म्हटल्यावर दलाल गल्लोगल्ली फिरत होते. शेजारच्या इमारतीतला फ्लॅट तर पाटी लावायच्या आधीच गेला. बाबारावांचा मात्र जाता जाईना. त्याला कारण एकच होतं, ते म्हणजे खुद्द बाबाराव.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. त्यांच्या न्हाणीघरातली ओल माझ्या छतावर उतरते, त्यामुळे या माणसाबद्दल बोलायचा मला पुरेपूर अधिकार आहे.

बाबाराव मूळचे भंडाऱ्याकडचे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी लागली म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. रेल्वेतल्या आणि सरकारी कचेऱ्यांतल्या आम्ही काही मराठी कुटुंबांनी मिळून ही सहकारी सोसायटी उभी केली, तेव्हा ठेकेदाराने आम्हाला मनसोक्त लुटलं. पश्चिमेच्या भिंतीतली ओल त्याने रंगाखाली झाकली, पाण्याची टाकी लहान बांधली आणि चाव्या हातावर ठेवून गडी पसार झाला. वर्षाच्या आत भिंतींचे पोपडे पडायला लागले. बाबारावांच्या ते फार जिव्हारी लागलं. सेक्रेटरी झाल्यावर पहिल्याच सभेत ते म्हणाले, की यापुढे या इमारतीत येणारा माणूस सगळं पाहून-समजून येईल. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून कोणीही घर विकायला काढलं, की घेणाऱ्याला आधी सेक्रेटरीने इमारत दाखवायची, असा रिवाज पडला.

टाळ्या वाजवणं सोपं होतं. पुढे ज्याच्या त्याच्या घराची वेळ आली तेव्हा आम्ही त्या दिवशी बाबारावांना काहीतरी काम काढून गावात पिटाळायचो. कोणी बँकेत पाठवायचं, कोणी ब्राह्मणपाऱ्यात निरोप घेऊन. बिचारे जायचे. पण आता त्यांचं स्वतःचंच घर होतं, त्यांना कुठे पिटाळणार?

घर विकायचं ते वनमालाताईंसाठी. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बुद्धविहारातल्या बायकांमध्ये, भाजीबाजारात, कोणाच्या बाळंतपणात, कोणाच्या मयतीत, सगळीकडे पुढे असणारी ही बाई दोन वर्षांपासून वरच अडकून पडली होती. भाजीवालीशी भाव करायचा तो गॅलरीतून आणि भाजी यायची दोरीला बांधलेल्या टोपलीतून. मुलगा सचिन पुण्याला, तो फोनवर काळजी करायचा. रायपुरातच, स्टेशनापलीकडे गुढियारीत बाबारावांच्या एका रेल्वेतल्या मित्राचं बैठं घर रिकामं होतं, पुढे अंगण, विहार दोन गल्ल्यांवर. मित्राने सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो. म्हणजे दिवाळीच्या आत फ्लॅट विकला गेला तर वनमालाताई खाली, नाहीतर कायमच्या वर.

आणि बाबारावांचं काय चाललं होतं? दलाल भैय्यालाल गिऱ्हाईक घेऊन आला, की बाबाराव त्याला घरात येऊच द्यायचे नाहीत. आधी पंपाची खोली. मग टाकी. मेमध्ये तिसऱ्या मजल्यावर पाणी कसं चढत नाही, हे साभिनय. मग गच्ची, गच्चीवरून तलावातली जलपर्णी आणि तिच्यातले डास. शेवटी घरात आणून पश्चिमेची भिंत, हात लावून बघा म्हणायचे. माणूस हात लावायचा आणि चहा न घेता जायचा. मंत्रालयातले एक बाबू आगाऊ रक्कम खिशात घेऊन आले होते, तेसुद्धा टाकीपाशीच माघारी फिरले. भैय्यालाल माझ्या दारात येऊन डोकं धरून बसला.

नवरात्र संपलं, तेव्हा वनमालाताईंचा बांध फुटला. माझ्या छतातून ओल येते तसा आवाजही येतो.

"तुम्हाले घर विकाचं हाय, का मले इथंच कोंडून ठेवाचं हाय?" त्या म्हणाल्या. "त्या ठेकेदारानं फसवलं तुम्हाले, अन् त्याची शिक्षा मी भोगून राहिली."

 दुसऱ्या दिवशी बाबारावांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, की पुढचं गिऱ्हाईक आलं की आपण तोंड उघडणार नाही, बायकोला शब्द दिलाय. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. भैय्यालालने लगेच माणूस आणून पश्चिमेच्या भिंतीला रंग मारून घेतला. बाबाराव त्या वेळी खाली पंपाच्या खोलीत जाऊन बसले.

पुढचं गिऱ्हाईक म्हणजे रीना साहू. वय तिशीच्या आत, जवळच्याच एका दवाखान्यात नर्स. बाप शहराबाहेरच्या उरला वसाहतीत कारखान्यात कामाला, घर तिथेच बीरगावात. धाकट्या बहिणीला शिकायला इथे आणायची आणि दोघींनी राहायचं, असा तिचा बेत होता. बीरगावात शेजार मराठी, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदी. वनमालाताईंना फार उभं राहवत नाही, म्हणून चहा मी केला. बाबाराव खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. शाळेत शिक्षा झालेलं पोर बसतं तसे.

पोरगी गोड होती. स्वयंपाकघर बघितलं, गॅलरी बघितली, इतकं स्वच्छ ठेवलंय म्हणून कौतुक केलं. मग पश्चिमेच्या भिंतीपाशी येऊन उभी राहिली.

"यहाँ पलंग लगा देंगे, बहन यहीं पढ़ेगी," ती म्हणाली.

"हव, बढ़िया जगह है," भैय्यालाल म्हणाला.

बाबारावांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बायकोकडे बघितलं, पण शब्द मोडला नाही. मी गाळणी हातात धरून तशीच उभी. म्हटलं, झालं, जमलं, आता कोणी काही बोलू नये. आणि बोलल्या त्या वनमालाताईच.

"नोको बाई. तिथं नोको लावू पलंग. भिंत ओली हाय, कालच रंग मारला. पोट्टीच्या छातीत सर्दी भरीन."

भैय्यालालने कप खाली ठेवला. पण वनमालाताई थांबेनात. एकदा सुरुवात झाल्यावर टाकी, मे महिना, डास, माझं छत, काही म्हणता काही सोडलं नाही. नवऱ्याने इतक्या वर्षांत जेवढं सांगितलं नसेल तेवढं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. आणि मग डोळ्याला पदर लावला. गुढियारीचं अंगण त्यांनी आपल्याच हाताने घालवलं होतं आणि ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. बाबाराव उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. लोकांसमोर बायकोचा हात धरताना मी या माणसाला पहिल्यांदा बघितलं. मला स्वतःला इतका राग आला होता, की चहा कोणावर तरी ओतावा असं वाटत होतं.

रीना भिंतीला हात लावून उभी होती. मग तिने खोलीभर नजर फिरवली.

"तो पलंग उधर लगा लेंगे, आंटी," ती म्हणाली. "छह महीने से घर देख रही हूँ। सब बोलते हैं कोई दिक्कत नहीं, और मैं डरकर लौट जाती हूँ। यहाँ पता तो है, दिक्कत कहाँ है।"

भैय्यालालचा आ वासलेलाच राहिला. बाबारावांनी तोंड उघडलं ते फक्त, टाकी दाखवू का, एवढं विचारायला. ती हसत त्यांच्यामागे जिना उतरून गेली. माझ्या छातीवरचा दगड उतरला, आणि गाळणीतला चोथा मी ओट्यावरच पाडला.

दिवाळीच्या आधी सगळं झालं. सोसायटीतल्या बाप्यांनी वनमालाताईंना खुर्चीत बसवून खाली आणलं. प्रत्येक वळणावर त्याच ओरडून दिशा सांगत होत्या आणि मध्येच रडत, हसत होत्या. खाली अंगणात पाय टेकल्यावर म्हणाल्या, "सुटली बाई मी." आम्ही सगळ्याच बायका रडलो. त्यांच्या जाण्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला सांगू, पण त्यांचा तो चेहरा बघून फार बरं वाटलं.

संक्रांतीनंतर मी गुढियारीला गेले. बाबाराव भर दुपारी अंगणाच्या पायरीवर बसले होते आणि मागे दाराला कुलूप. मी घाबरलेच. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, काही नाही, विहारातून पुढे कोणाकडे तरी गेली, काठी टेकत टेकत, चावी तिच्याचजवळ आहे. सकाळपासून बाहेर बसलेत, जेवणसुद्धा झालेलं नाही. मी म्हटलं, बसा इथेच, मी शोधून आणते त्यांना.

"राहू द्या," बाबाराव म्हणाले. "फिरू द्या तिले."