सगळ्या ऑफिसाचे मामाजी

माझं लग्न एका कॉम्प्युटरपायी मोडायला आलं होतं आणि त्यात कॉम्प्युटरचा काडीचाही दोष नव्हता.

ऐंशीच्या दशकाची अखेर. वर्ध्याच्या ज्या जिनिंगच्या ऑफिसात माझा दादा काट्यावर बसून कापसाच्या पावत्या काढायचा, तिथेच मीही चिकटलो होतो. ऑफिसात नुकताच कॉम्प्युटर आला होता : एक मोठं खोकं आणि त्याला जोडलेले दोन-चार पडदे. त्या खोक्याचा कारभारी मी! (दुसरं कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं, हा भाग वेगळा.)

वहिनीने देवळीचं एक स्थळ काढलं. मुलगी मला पसंत, मी मुलीला पसंत. अडले होते मुलीचे वडील. "पोरगा करते काय, ते डोयानं पाहीन, मंगच हो म्हनीन," असा त्यांचा निरोप. कापसाने भरलेली बैलबंडी घेऊन ते वर्ध्याला येणारच होते. त्याच खेपेत कापसाचं वजन आणि जावयाचंही!

"भाऊजी, काईतरी झकास दाखवजा त्यायले," वहिनीने बजावलं. मी पेटलोच.

आता त्या खोक्याची रीत सांगतो. कुणीही आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकून आत शिरलं की खोकं आधी एक फाईल वाचायचं. आल्या माणसाशी काय बोलायचं, त्याचे हुकूम कोणकोणत्या कपाटांत शोधायचे, ते सगळं तिच्यात लिहिलेलं. अशी एक फाईल सर्वांसाठी सामाईक, आणि शिवाय प्रत्येकाची आपापली. शहाण्या माणसाने पाहुण्याच्या नावाची वेगळी फाईल केली असती. पण मी वाढलो खटल्याच्या घरात! टॉवेल एक, कंगवा एक, आणि चपला जो आधी उठेल त्याच्या. स्वतःचं वेगळं काही असतं हेच डोक्यात नाही. मी बेधडक सामाईक फाईल उघडली.

आत शिरताच फुल्याफुल्यांचा नारळ. त्याखाली इंग्रजी अक्षरांत "नमस्कार मामाजी!" आणि एरवी जिथे नुसतं डॉलरचं चिन्ह दिसायचं, तिथे "मामाजी, हुकूम?" (सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. मी जरा आगाऊ सुरुवात केली.) नारळ माझ्या खासगी कपाटात होता, म्हणून हुकूम शोधायला ते कपाट नेमून दिलं. जुनी कपाटं तशीच ठेवायची मात्र राहून गेली. म्हणजे घरात नवी मांडणी आणली आणि स्वयंपाकघराला भिंत घातली! मला पत्ताच नाही, कारण ही फाईल आत शिरतानाच वाचली जाते, आणि मी तर सकाळपासून आतच बसलेलो.

मग मॅनेजर साहेब आपल्या पडद्यापुढून उठून आले. त्यांच्या घरी लग्नाच्या दोन मुली.

"विनायक! मी तुझा मामाजी कधीपासून रे?"

"नाही साहेब, ते..."

"थोरलीवर डोळा आहे की धाकटीवर?"

तेवढ्यात काट्यावरून दादा ओरडला, "विन्या! हे खोकं मले मामाजी म्हनून राह्यलं! हुकूम इचारते अन् पावती मांगली तं 'नॉट फाउंड' म्हनते. थेट तुह्यावरच गेलं!"

बाहेर बंड्यांची रांग वाढू लागली. बैल हंबरले, बैलांपेक्षा माणसं मोठ्याने. आता माझ्या हुशारीची कमाल पाहा : एकटा माझाच पडदा शाबूत होता, तिथे बसून फाईल दुरुस्त करता आली असती. पण मी म्हटलं, एकदा बाहेर पडून आत शिरून बघू तरी! शिरलो. नारळ! फाईल दुरुस्त करायचं अवजार मागितलं. नॉट फाउंड! तेही भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातच. खोकं बंद करून चालू केलं. परत नारळ!

दारात धोतर-टोपीतले एक गृहस्थ उभे राहिले, हातात बैल हाकायची तुतारी. "पावत्या काऊन बंद हायेत? कोनं बिघडवलं?"

दादाने, माझ्या सख्ख्या भावाने, माझ्याकडे बोट दाखवलं. "हाच तो विनायक, ज्याले पाहाले तुमी देवळीवरून आले."

गृहस्थ पडद्याजवळ आले. एकेक अक्षर लावून वाचलं. "मामाजी... हुकूम? हे माह्यासाठी?"

"हो, मामाजी."

"मंग त्या मॅनेजरच्या पडद्यावर बी तेच काऊन?"

मी बाहीने पडदा पुसायला लागलो. नारळ तसाच!

"बरं. इचारलंच हाये तं हुकूम देतो. माही पावती काढ."

काय करणार? टाईप केलं. नॉट फाउंड!

"वा रे जवाई! उद्या वरात घेऊन निघशीन तं माहं घर तरी सापडन का तुले?"

दादाला माझी कीव आली. "सापडन ना मामाजी! मी पूरा पत्ता सांगतो त्याले. स्टँडवरून सीधा, मारुतीपासून डाव्या हाताले, हातपंपामागचं घर!"

पूरा पत्ता! मी खुर्चीतून उडालोच. कपाटं ठाऊक नसली तरी वेशीपासूनचा पूर्ण पत्ता दिला की खोकं मुकाट्याने तिथे जातं! अवजाराचा पत्ता पहिल्या दारापासून लिहिला आणि ते उघडलं. नारळ पुसला, जुनी कपाटं लावली, पावत्या धडाधड सुरू. पहिली मामाजींची.

पावती खिशात घालत ते दादाला म्हणाले, "पोरगी देतो. जो मानूस मॅनेजरले, सख्ख्या भावाले मामाजी म्हनते, तो मले तं जल्मभर म्हनन!"

मॅनेजर साहेब लग्नाला आले. मुलींना घरी ठेवून.

तेव्हापासून आमच्या घरचा कारभारी मी आहे, असं मी बाहेर सांगतो. घरात शिरताना चपला काढतो आणि बायकोला विचारतो, "हुकूम?" आणि मी कधी चष्मा मागितला, तर ती मान वर न करता म्हणते, "नाई सापडत. कुठं ठेवला होता, पूरा पत्ता सांगा!"

चष्मा तेव्हा बहुधा माझ्या कपाळावर असतो.