रक्तगटातलं अधिकचं चिन्ह

मंडळी, दुपारपासून एका जागी बसवत नाहीये, म्हणून इथं लिहितोय.

जुन्नर-आंबेगावच्या रक्तदात्यांची वेबसाइट मी बनवली, हे तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी घोडेगावच्या सुनीताताईंचा फोन आला. सासूबाईंचं ऑपरेशन होतं.

"भाऊ, ए पॉझिटिव्ह दाबलं की एक बी नाव येत न्हाई. आख्ख्या तालुक्यात कुणीच नाय का?"

मी चक्रावलो. माझाच गट ए पॉझिटिव्ह, आणि त्या यादीत पहिलं नाव माझंच!

"ताई, तुमी थांबा तिथंच. मी निघालो."

रक्त दिलं. ऑपरेशन नीट पार पडलं. ताई म्हणाल्या, "लई उपकार झालं भाऊ." मला ते ऐकवेना.

घरी येऊन कोड उघडला. 'A+' हा मजकूर मी लिंकच्या पत्त्यात जसाच्या तसा जोडला होता. पत्त्यातल्या अधिक चिन्हाचा अर्थ सर्व्हर मोकळी जागा असा घेतो. त्यामुळं त्याला नुसतं 'A' मिळत होतं, आणि असा गटच नाही. मी तपासलं होतं 'O-' टाकून. उणे चिन्ह सुखरूप पोचतं. मजकूर आधी एन्कोड करायचा, म्हणजे अशा चिन्हांच्या जागी त्यांचे ठरलेले संकेत घालायचे, एवढंच राहिलं होतं. एका ओळीत दुरुस्त झालं.

पण साइट दिवाळीपासून चालू आहे. ताईंकडे माझा नंबर होता. ज्यांच्याकडे नव्हता, त्यांनी 'दाता उपलब्ध नाही' वाचून काय केलं असेल?

तुमच्यापैकी कुणाला असं रिकामं पान दिसलं होतं का? रागावून सांगा, पण सांगा.