तपकिरीची डबी आणि दादाचा हात

कल्याणच्या तारघरात माझ्या टेबलावर तीन यंत्रं होती. एक ठाण्याचं, बाकीची दोन कल्याणहून फुटणाऱ्या दोन घाटमार्गांवरची. तिन्ही एकदम कडकडू लागली की भाजीबाजारात बसल्यासारखं व्हायचं. कोणाचं ऐकावं तेच कळेना. ठाण्याचा आवाज वेगळा उठून यावा म्हणून त्या यंत्रामागे काहीतरी पोकळ ठेवावं लागे. मी आधी काशाची वाटी ठेवली. ती घणघणतच राही. एका ठोक्याचा नाद विरायच्या आत दुसरा येई आणि टिंब कुठलं, रेघ कुठली, सगळा काला. मग नारळाची करवंटी ठेवली. ती अगदीच मुखदुर्बळ. शेवटी दादाने ठाण्याहून गाडीच्या गार्डाबरोबर आपली तपकिरीची रिकामी डबी पाठवली. ती कोरडं आणि नेमकं बोले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ठाण्याचा तारमास्तर. कोपरीत स्टेशनला लागूनच त्याचं बिऱ्हाड होतं. ही विद्या मला त्यानेच शिकवली, पाटावर बोटांनी वाजवून, आणि चुकलं की तीच बोटं माझ्या टाळक्यावर वाजवून. प्रत्येक तारवाल्याचा हात निराळा असतो. दादा शब्दाच्या शेवटच्या ठोक्याआधी किंचित थांबे, उंबरा ओलांडताना धोतर सावरावं तसा. डबीतून ते थांबणं स्पष्ट ऐकू येई.

जेवताना तो मौन पाळी. आमच्या घरात तसा रिवाजच होता. पण मग ताक कसं मागायचं? तर पाटाच्या कडेवर नखाने इंग्रजी अक्षरांत 'ताक' वाजवायचं. वहिनीला तारेचं दुसरं एकही अक्षर ठाऊक नव्हतं, एवढं मात्र तिला चुलीपाशी बसून कळे. "देवाला फसवता आणि मला नाचवता," असं कुरकुरत ती ताकाचं भांडं घेऊन येई.

दादा पटकीने गेला. सकाळी तारेवरून माझी चेष्टा करणारा माणूस दिवस मावळेपर्यंत उरला नाही. त्याला मूल नव्हतं, त्याची तसबीरही नव्हती. मला त्याचा हात तेवढा राखायचा होता, आणि तोच कानातून पुसला जाणार या भीतीने माझा जीव टांगणीला लागला. ठाण्याला नवा माणूस आला. त्याचा हात म्हणजे पत्र्यावर पडणाऱ्या गारा. त्याचं दिवसभर ऐकून दादाचं विसरायला होई, म्हणून त्या निरपराध माणसाचा मला संताप येई.

खाडीवरून खारा वारा सुटला की शेजारच्या तारेतली वीज ठाण्याच्या तारेत झिरपायची आणि कोणी कळ दाबलेली नसताना यंत्र हलकेच टिकटिकायचं. हे प्रत्येक तारवाल्याला माहीत असतं. मलाही माहीत होतं. तरी दुपारी काम थंडावलं की मी कान लावून बसे. तो पुसट आवाज डबीत उमटेना, म्हणून मी पुन्हा काशाची वाटी आणली. कामाला निरुपयोगी ठरलेला तिचा रेंगाळणारा नाद मला आता हवा होता. त्या नादात कधीकधी ते थांबणं सापडे. अंगावर काटा येई, आणि बरंही वाटे. एकदा मी कळ दाबून "दादा?" असं विचारलंसुद्धा. नव्या माणसाने उत्तर दिलं, "कोण हवंय?"

वहिनी आता कल्याणला आईजवळ नि माझ्याजवळ राहत होती. डोईवरचे केस गेलेले, अंगावर विधवेचं लाल आलवण. ती स्वयंपाक करी आणि फारसं बोलत नसे. वाटीचं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनेही ऐकायचं म्हटलं असतं, आणि तारघरात बायकांना कोण येऊ देतो?

एके दुपारी मी जेवायला घरी आलो. मौन होतंच, मन मात्र तारघरात. भात संपत आला तशी माझी बोटं पाटाच्या कडेवर चालू लागली. मला ते कळलंही नाही. आतून वहिनी लगबगीने बाहेर आली. हातात ताकाचं भांडं, तोंडात तीच जुनी कुरकुर. "देवाला फसवता आणि..."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती जागीच थबकली.

मी खाली पाहिलं. बोट अजून पाटावर होतं, पुन्हा 'ताक' वाजवताना शेवटच्या ठोक्याआधी थांबलेलं. इतके महिने वाटीत शोधलेला तो हात माझ्याच मनगटात होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. मला रडू फुटलं. आईने तोंडाला पदर लावला. मौन मोडून मी काही बोलणार, तोच वहिनीने माझ्या वाटीत काठोकाठ ताक ओतलं. मग भांडं खाली ठेवलं, भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटले.

"भावोजी," ती म्हणाली, "पुन्हा मागा."