रस्त्याकडच्या सहा ओळी

मी चौथी शिकलो. पाचवीत गुरुजींशी पटलं नाही म्हणून शाळा मी सोडली. शाळेनं मला काढलं नाही, हे आधी सांगून ठेवतो.

एका वर्षी शेतीचं संशोधन करणारी एक मॅडम आमच्या विहाराच्या ओट्यावर बैठक घ्यायला आली. माझ्या धाकट्या लेकीएवढी. तिनं काळ्या भुकटीची पाकिटं दाखवली. म्हणाली, यात जिवंत जिवाणू आहेत. गुळाच्या पाण्यात कालवून सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचे, मग ते मुळांवर गाठी करतात आणि हवेतलं नत्र पिकाला देतात.

माझ्या बांधाला बांध लागून असलेला माझा धुरेशेजारी म्हणाला, "हवेतलं खत? मंग हवेतच पेरा ना बाई."

सगळे हसले. म्हणून मी उठून म्हणालो, "माह्या वावरात करा." जिवाणूंशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

माझं वावर अनसिंगच्या रस्त्याला लागून. तिथं आजवर पऱ्हाटीच, म्हणजे कपाशीच असायची, सोयाबीन पहिल्यांदाच. मॅडम म्हणाली, "काका, रस्त्याकडच्या सहा ओळी साध्या बियाण्याच्या ठेवा. त्यांना काही चोळायचं नाही, वरून काही टाकायचं नाही. लोकांना फरक दिसला पाहिजे." मी हो म्हणालो. माझं हो म्हणजे हो, हे गावाला माहीत आहे.

महिन्याभरात आतलं पीक हिरवंगार झालं आणि त्या सहा ओळी पिवळ्या पडल्या. फरक दिसला. पण मॅडमच्या आधी तो रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसला. शेजारी गाडी थांबवून म्हणाला, "काहो आबा, वावराले कावीळ झाली काय?"

माझ्या पिकाला रस्त्यावरून कोणी कधी नावं ठेवली नव्हती. दुसऱ्या सकाळी मी टोपलंभर युरिया नेला आणि सहाही ओळींना देऊन आलो.

बायको म्हणाली, "तुमी मॅडमले हो म्हणलं होतं ना?"

"मॅडम रोज ह्या रस्त्यानं जाते काय?"

काही दिवसांनी मॅडम रजिस्टर घेऊन आली. पीक बघायला गावातले दहा-पंधरा जण जमले होते. हरभऱ्यासाठी तिनं पाकिटं आणली होती, ती सगळ्यांच्या हातात दिली. सहा ओळी तेव्हा साऱ्या वावरात जास्त हिरव्या.

शेजारी म्हणाला, "बाई, भुकटी न लावलेलंच बरं दिसून राह्यलं." एकेकानं आपलं पाकीट धुऱ्यावर ठेवून दिलं.

मॅडमनं विचारलं, "काका, यात काही टाकलं होतं का?"

"नाही."

बायको दुसरीकडे बघायला लागली.

मॅडमनं दोन्हीकडची झाडं उपटली. आतल्या मुळांवर गाठीच गाठी. सहा ओळींची मुळं जवळपास कोरी. तिनं दोन्ही हातांतली मुळं शेजारी धरून पाहिली. मग रजिस्टरात काही लिहिलं.

"काय लिहिलं?" मी विचारलं.

"आमच्या जिवाणूंचा फायदा दिसला नाही, असं. चूक माझीच असेल काका, रस्त्याकडची जमीन जास्त कसदार असेल, मी आधी तपासली नाही. तुम्ही नाही म्हणालात म्हणजे नाही."

तिनं मला खोटारडा म्हटलं असतं तर मी दिवसभर भांडलो असतो.

"युरिया टाकला," मी म्हणालो.

"काय?"

"टोपलंभर. मागच्यायले ऐकू नसन आलं, मोठ्यानं सांगतो. युरिया टाकला. पिवळं दिसून राह्यलं होतं."

"आबा, तुमी बी खोटं बोलता?" शेजारी म्हणाला.

"कावीळ कोण म्हणलं होतं बे?"

सगळे हसले. मॅडम हसली नाही. तिनं माझ्या वावराच्या पानावर तिरपी रेघ मारली.

"हे काय?"

"नोंद रद्द केली."

"रद्द कायले? कारण लिहा. लिहा, काकाले लाज वाटली."

तिनं लिहिलं. मी एकेक अक्षर लावून वाचलं. 'शेतकऱ्याने खत दिले.' लाजेचं तिनं गाळलं. धुऱ्यावरची निम्मी पाकिटं लोकांनी परत उचलली. शेजाऱ्यानं दोन नेली.

पुढच्या वर्षी मी स्वतःच मॅडमला निरोप धाडला. त्याच रस्त्याला, पुढच्या पट्टीत, पुन्हा सहा ओळी सोडल्या. त्या पिवळ्या पडल्या. मी पत्र्याचा तुकडा घेऊन रंगानं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि तो रस्त्याच्या कडेला खुंट रोवून त्यावर ठोकला:

'या सहा ओळी मुद्दाम अशा ठेवल्या आहेत. हसू नये.'

शेजारी रोज गाडी थांबवून पाटी वाचायचा आणि हसायचा. युरियाचं पोतं घरात होतं. मी त्या पोत्याचं तोंड उघडलं नाही.